घंटा ऐकू न येणाऱ्या मुलांची बाजू

डिसेंबर लागला की अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लहान मुलांच्या आईवडिलांसाठी एक विशिष्ट प्रकारची यादी फिरू लागते. सांताक्लॉजवरचा मुलांचा विश्वास ज्यांनी मोडणार नाही, अशा नाताळच्या चित्रपटांची ही यादी. तिच्यात 'धोक्याचे' चित्रपट वेगळे काढलेले असतात आणि उरलेले निर्धास्तपणे दाखवावेत असे सांगितलेले असते. या यादीमागचा हेतू मायेचा आहे, याविषयी शंका नाही. तक्रार आहे ती यादी करणाऱ्यांच्या वाचनाविषयी. ही मंडळी चित्रपटाचा शेवट पाहतात, चित्रपट पाहत नाहीत. परिणाम असा होतो की यादीत सर्वांत वर जे चित्रपट असतात, तेच बहुधा सहा वर्षांच्या मुलाच्या मनात पहिला संशय पेरतात. प्रस्तुत लेखात एवढेच म्हणायचे आहे. पण ते ठामपणे म्हणायचे आहे.

हे म्हणणे केवळ पुस्तकी नाही. २०१९ च्या डिसेंबरात मी धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीत होते. भाची तेव्हा सहा वर्षांची. शेजारपाजारच्या घरांसारखे त्यांच्याही दिवाणखान्यात झाड उभे होते आणि सांता येणार याविषयी पोरीला तिळमात्र शंका नव्हती. "ताई, साहित्य तू शिकवतेस, तर रविवारी हिला काय दाखवायचं ते तूच ठरव," असे म्हणून बहिणीने तसली एक यादी माझ्यापुढे ठेवली. मी त्यातले पहिले नाव उचलले : 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट', जॉर्ज सीटन यांचा १९४७ सालचा चित्रपट. अर्धा तास झाला असेल नसेल, तोच भाचीने माझ्या दंडाला हात लावून विचारले, "मावशी, तिची आई असं का सांगते, की सांता नसतो?"

हा प्रश्न तिने त्याआधी कधीही विचारला नव्हता. कारण असा प्रश्न असू शकतो, हेच तिला ठाऊक नव्हते. तो तिला मी आणून दिला, आणि तोही विश्वास जपणाऱ्या चित्रपटांच्या यादीतून.

आता या चित्रपटात नेमके काय घडते ते पाहू. आरंभीच, मिरवणुकीसाठी रोजावर ठेवलेला सांता दारू पिऊन तर्र झालेला सापडतो. मिरवणुकीची व्यवस्था पाहणारी डोरिस ही न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानातली अधिकारी. आपल्या मुलीला, सुझनला, तिने परीकथांपासून कटाक्षाने दूर ठेवलेले आहे. सांता वगैरे काही नसतो हे त्या चिमुरडीला पाठ आहे. पुढे ख्रिस क्रिंगल नावाचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा येतो, स्वतःला खरा सांता म्हणवतो आणि त्यापायी त्याच्यावर वेडेपणाचा खटला उभा राहतो. सरकारी वकिलाच्या चिमुकल्या मुलाला साक्षीला बोलावतात. तो सांगतो, की सांता असतो असे मला माझ्या बाबांनीच सांगितले आहे. न्यायाधीशांच्या कानाशी त्यांचा राजकीय सल्लागार कुजबुजतो, की सांता नाही असा निकाल दिलात तर पुढची निवडणूक विसरा. शेवटी सांताच्या नावे आलेल्या पत्रांच्या थैल्याच्या थैल्या टपालखाते न्यायालयात आणून ओतते. ज्याअर्थी सरकारचे एक खाते या गृहस्थाला सांता मानते, त्याअर्थी न्यायालयाने वेगळे का मानावे? खटला निकालात निघतो.

प्रौढ प्रेक्षकाच्या दृष्टीने ही एक सुरेख उपहासिका आहे. क्रिंगलच्या भूमिकेसाठी एडमंड ग्वेन यांना ऑस्कर मिळाले, ते योग्यच होते. पण हा सगळा युक्तिवाद सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने ऐकून पाहा. जी गोष्ट त्याच्या लेखी चंद्रासूर्यासारखी होती, तिच्यावर खटला भरावा लागतो, वकील द्यावा लागतो, आणि ती सिद्ध होते ती टपालखात्याच्या दाखल्यावर आणि मतांच्या धास्तीवर! चंद्र आहे हे सिद्ध करायला कुणी न्यायालयात जात नाही. पुरावा मागितला गेला याचाच अर्थ संशयाला जागा आहे, हे मुलांना न सांगता कळते. शेवटचा निकाल सांताच्या बाजूने लागला म्हणून मधला दीड तास पुसला जात नाही.

येथे एक भेद करणे आवश्यक वाटते. नाताळच्या चित्रपटांत सांता दोन प्रकारे येतो. काही चित्रपटांत तो पात्र असतो, तर काहींत प्रमेय. पात्र असतो तेव्हा तो येतो, जातो, दमतो, चुकतो. त्याच्या असण्याची चर्चा होत नाही. प्रमेय असतो तेव्हा कथेचे सगळे इंधन 'तो आहे की नाही' याच प्रश्नातून येते. यादी करणाऱ्यांना हा भेद दिसत नाही. त्यांच्या लेखी प्रमेय अखेरीस सिद्ध झाले की चित्रपट निर्धोक. मग 'ग्रेम्लिन्स' (१९८४) तेवढा धोक्याच्या रकान्यात जातो, कारण त्यातली एक तरुणी आपले वडील सांताच्या वेषात धुराड्यात अडकून कसे मेले आणि आपल्याला सत्य कसे कळले, ते स्वच्छ शब्दांत सांगते. तो लहानांचा चित्रपट नव्हेच, हे सांगायला यादीची गरज नाही. गरज होती ती उरलेल्यांविषयी सावध करण्याची.

उरलेल्यांपैकी लोकप्रिय तीन घेऊ. 'द सांता क्लॉज' (१९९४) मध्ये मुलाचा मानसोपचारतज्ज्ञ सावत्र बाप त्याला सांताविषयी शहाणपण शिकवून बसलेला आहे. त्यावर कडी म्हणजे सांता छपरावरून पडतो, नाहीसा होतो, त्याचे कपडे तेवढे उरतात आणि ते मुलाच्या बापाला चढवावे लागतात. लेखकांनी येथे करारातल्या कलमावर कोटी केली आहे; पण त्या कोटीची किंमत म्हणून सांताला मरावे लागले आहे. 'एल्फ' (२००३) हा विल फेरेलचा धमाल चित्रपट. त्यात उत्तर ध्रुवावरचा म्हातारा बुटका नायकाला समजावतो, की बाहेरच्या जगात भेटवस्तू आईवडीलच ठेवतात अशी वदंता आहे. ज्या मुलाला ही 'वदंता' ठाऊक नव्हती त्याला ती आता ठाऊक झाली, आणि सांगणारा दुसरा तिसरा कुणी नसून खुद्द सांताच्या कारखान्यातला माणूस. पुढे सांताच्या गाडीला इंजिन का बसवावे लागले, तर लोकांचा विश्वास आटत चालला म्हणून.

तिसरा चित्रपट सर्वांत महत्त्वाचा, आणि माझे खरे भांडण त्याच्याशी आहे. ख्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांच्या १९८५ च्या चित्रपुस्तकावरून रॉबर्ट झेमेकिस यांनी २००४ साली 'द पोलर एक्सप्रेस' काढला. त्यातला मुलगा आधीच साशंक आहे. तो ज्ञानकोश उघडून उत्तर ध्रुवाची नोंद पाहतो आणि तेथे जीवसृष्टी नाही असे वाचतो. आगगाडी त्याला ध्रुवावर नेते. रेनडिअरच्या पट्ट्यावरची घुंगरासारखी घंटा सगळ्यांना ऐकू येते, त्याला येत नाही. 'माझा विश्वास आहे' असे म्हटल्यावरच ती वाजू लागते. घरी परतल्यावर आईवडिलांना ती ऐकू येत नाही. पुढे एकेका मित्राला, बहिणीलाही येईनाशी होते. ज्यांचा विश्वास टिकला त्यांनाच तिचा नाद.

प्रतिमा म्हणून ही घंटा सुंदर आहे, हे मान्य करायला हवे. पण ती मुलाला काय सांगते? शंका आली तर तुझ्यातच काहीतरी उणे आहे; इतरांना जे ऐकू येते ते तुला येत नाही. शंका ही येथे बुद्धीची हालचाल उरत नाही, ती इंद्रियाचे वैगुण्य ठरते. ज्ञानकोश उघडणारा मुलगा हा वास्तविक कुठल्याही शिक्षकाला आवडावा असा मुलगा. चित्रपटाने त्याला बरा करायचा रोगी ठरवले आहे.

चित्रपट पाहून झाल्यावर त्या घरी काय घडले, तेही सांगते. झाडावर शोभेची एक पोकळ घंटा टांगलेली होती. आत लोलक नव्हता. हलवली तरी वाजणे शक्य नव्हते. मेहुण्यांनी गमतीने ती भाचीच्या कानापाशी हलवली आणि विचारले, "आली का ऐकू?" बहीण म्हणाली, "मला तर आली बाई." मीही म्हटले, "मलाही." पोरीने आम्हा तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणाली, "आली." सगळे हसले. यादीच्या भाषेत बोलायचे तर विश्वास जपला गेला होता. प्रत्यक्षात घडले होते ते एवढेच, की एका सहा वर्षांच्या मुलीने घरातल्या मोठ्या माणसांचा विरस होऊ नये म्हणून खोटे बोलायला शिकून घेतले होते.

संशयाला दोष ठरवण्याची ही रीत जुनी आहे. १८९७ साली व्हर्जिनिया ओ'हॅनलन या आठ वर्षांच्या मुलीने न्यूयॉर्कच्या 'द सन' या दैनिकाला पत्र लिहून सांता आहे की नाही, असे सरळ विचारले. फ्रान्सिस चर्च यांनी लिहिलेले उत्तराचे अग्रलेखवजा टिपण अमेरिकेत आजही दर नाताळला आठवले जाते. गद्य म्हणून ते देखणे आहे. पण मुलीने वस्तुस्थिती विचारली होती, संपादकांनी तिला प्रवचन दिले. आणि शंका घेणाऱ्या तिच्या छोट्या मित्रांवर त्या युगाच्या अश्रद्धेचा ठपका ठेवला. 'पोलर एक्सप्रेस'ची घंटा याच घराण्यातली.

याच्या पुढच्याच वर्षी, १८९८ साली, इंग्लंडमध्ये जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांनी 'सांताक्लॉज' नावाचा मिनिटाभराचा मूकपट काढला. मुले झोपली आहेत. काळोख्या भिंतीवर एका वर्तुळात छपरावरचा सांता दिसतो, धुराड्यात उतरतो, खोलीत येतो, मोजे भरतो आणि नाहीसा होतो. एका चित्रावर दुसरे चित्र छापण्याची ती नवलाची युक्ती होती. तेथे कुणी कुणाला काही पटवून देत नाही. आले, दिसले, गेले. सिनेमाला ही गोष्ट पहिल्याच पावलाला साधली होती, आणि नंतरच्या शंभर वर्षांत तो वकिली करायला शिकला, हे दुर्दैव नव्हे काय?

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे कोलरिजची आठवण होईल. वाचक आपला अविश्वास आपण होऊन बाजूला ठेवतो, हा त्याचा १८१७ सालचा विचार आपण वर्गात शिकवतो. त्यातला 'आपण होऊन' हा भाग विसरता कामा नये. सक्तीने बाजूला ठेवायला लावला तर तो आस्वाद नव्हे, शपथविधी होय. टोल्कीन यांना कोलरिजचा विचारही अपुरा वाटे. गोष्ट सांगणारा एक दुय्यम जग उभे करतो आणि आत असेपर्यंत ते खरेच असते. अविश्वास दाबून ठेवण्याची वेळ आली, म्हणजे जादू आधीच फसलेली असते, असे त्यांचे प्रतिपादन. हेच टोल्कीन १९२० पासून १९४३ पर्यंत दर नाताळला आपल्या मुलांना सांताच्या नावाने सचित्र पत्रे लिहीत होते. ती पत्रे १९७६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. ध्रुवावरच्या अस्वलाचे उपद्व्याप, भांडारातली पडझड, गॉब्लिनांशी झालेल्या लढाया : त्यांत पत्रलेखकाला सांगण्यासारखे इतके काही आहे, की स्वतःचे अस्तित्व सिद्ध करत बसायला त्याला सवड नाही.

आपल्याकडच्या गोष्टींचा न्यायही हाच आहे. कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे, हे ऐकवताना कोणत्या आजीने नातवाकडून 'माझा विश्वास आहे' असे वदवून घेतले? घर वाहून जाते, कावळा दार ठोठावतो, चिमणीला सवड नसते. पोर घास गिळत ऐकते. एक दिवस ते मोठे होते आणि कावळे बोलत नाहीत हे त्याला कळते. त्या दिवशी आजी खोटी पडत नाही, कारण तिने कधी साक्ष दिलीच नव्हती.

काही आक्षेप येथे अपेक्षित आहेत. पहिला आक्षेप बुद्धिवादी मित्रांचा : मुलांशी खोटे बोलूच नये, सांता नाही हे सांगून टाकावे, प्रश्नच मिटला. मला हे मान्य नाही. गोष्ट सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. न वाजणारी घंटा वाजली म्हणणे हे खोटे बोलणे आहे. या दोहोंतला फरक पुसणारा बुद्धिवादी आणि तो पुसणारा यादीकार, दोघेही कथेला कथा म्हणून जगू देत नाहीत.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे : शाळेतल्या मोठ्या मुलांकडून कळायचे ते कळणारच, मग चित्रपटाचा एवढा बाऊ कशाला? कळणारच, हे खरे. पण शाळेतला दादा सांगतो तेव्हा मूल घरी येऊन आईला विचारू शकते. आईनेच निवडलेला, आईच्या मांडीवर बसून पाहिलेला चित्रपट जेव्हा शंका उपस्थित करतो आणि लगेच तिला दोषही ठरवतो, तेव्हा विचारायचे दार बंद होते.

आणि हे सगळे जपणे नेमके कुणासाठी? १९९४ साली कार्ल अँडरसन आणि नॉर्मन प्रेंटिस या संशोधकांनी सांतावरचा विश्वास सुटलेल्या ५२ मुलांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. बहुतेक मुलांना सातव्या वर्षाच्या सुमारास, आपले आपणच, सत्य उमगले होते. आणि त्यांच्या प्रतिक्रिया मुख्यतः सुखद होत्या. दुःखी झाले होते ते आईवडील. ५२ मुलांवरून सर्व जगाचा निष्कर्ष काढू नये. तरी हे वाचल्यावर वर उल्लेखलेल्या चित्रपटांचा उलगडा होतो. घंटा ऐकू न येणारे आईवडील, विश्वास हरवलेली डोरिस, कोरडा झालेला बाप : ही प्रौढांची शोकगीते आहेत. प्रौढांनी ती जरूर पाहावीत. दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबरही पाहावीत. 'मिरॅकल'मधला सरकारी वकिलाच्या मुलाचा प्रसंग त्या वयाला फार उत्तम कळेल. पण आपले रडू सहा वर्षांच्या पोराच्या गळ्यात कशासाठी?

मग दाखवावे काय? नुसते खंडन करून थांबणे बरे नव्हे. 'द स्नोमॅन' (१९८२) हा रेमंड ब्रिग्ज यांच्या पुस्तकावरचा सुमारे सव्वीस मिनिटांचा ब्रिटिश ॲनिमेशनपट. एका गाण्याखेरीज जवळजवळ निःशब्द. बर्फाचा माणूस मुलाला आकाशातून उत्तरेला नेतो, तेथे सांता भेटतो आणि त्याला एक गळपट्टा देतो. मूळ पुस्तकात सांता नाही; चित्रपटकर्त्यांनी तो आणला, पण पात्र म्हणून आणला. सकाळी बर्फाचा माणूस वितळलेला असतो आणि गळपट्टा खिशात असतो. दुःखही खरे, नवलही खरे. आणि कुणीही काहीही सिद्ध केलेले नाही. 'आर्थर ख्रिसमस' (२०११) मध्ये एका रात्रीत जगभर भेटी कशा पोचतात, या मुलांच्या आवडत्या प्रश्नाला भरघोस यंत्रसामग्रीचे उत्तर आहे. आणि कथेचा पेच हा, की एकाच मुलीची भेट राहून गेली, तर चालेल का? सांताचा धाकटा मुलगा म्हणतो, चालणार नाही. प्रश्न अस्तित्वाचा नाही, कर्तव्याचा आहे. लहान मुलांना तो पुरेपूर कळतो.

आणि शंका स्वतःहून आली की 'क्लाउस' (२०१९). एक आळशी पोस्टमन, एक एकाकी लाकूडतोड्या, त्याने कोरलेली आणि तशीच पडून राहिलेली खेळणी. पोस्टमन धुराड्यातून आत शिरतो तो दारे बंद असतात म्हणून; गाडी दणक्याने क्षणभर हवेत उडते आणि पाहणाऱ्या पोराच्या तोंडी ती उडती गाडी होते. लोककथा कशी घडते, याचा इतका सुबोध धडा आमच्या लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेतही नसेल. माणसांनी केलेल्या गोष्टीतून सांता घडला, हे तो दाखवतो. आणि तरी शेवटी थोडे नवल शिल्लक ठेवतो. मोठे होऊ लागलेल्या मुलाला यातून आपल्यापुरते हवे तेवढे उचलता येते.

निवड करताना दोनच प्रश्न विचारावेत. या चित्रपटात सांता नाही, असे कुणी म्हणते का? आणि ज्याचा विश्वास नाही, त्याच्याशी चित्रपट कसा वागतो? पहिल्याचे उत्तर 'होय' असेल तर चित्रपट दोन-तीन वर्षे थांबू शकतो. दुसऱ्याचे उत्तर 'अपराध्यासारखा' असे असेल, तर त्याचा शेवट कितीही गोड असो, मुलाशेजारी बसून त्याविषयी बोलायची तयारी असल्याखेरीज तो लावू नये.

भाची आता वरच्या वर्गात गेली आहे. सांताचे गुपित तिला केव्हाच, आणि हसतखेळत, उमगले. पण त्यानंतर एकदा फोनवर दुसरेच काही बोलता बोलता तिने मला विचारले, "मावशी, ती घंटा वाजत नव्हती ना?" मी म्हटले, "नव्हती." "मग तू का म्हणालीस, ऐकू आली म्हणून?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढच्या वर्षीची यादी करणाऱ्यांनी तो आपल्या निकषांत घालावा, एवढीच विनंती.